खांद्यावरून आलेली खुर्ची

मित्रांनो, या, बसा. माझ्यावर मात्र एका वेळी एकानेच बसा, कारण माझा मागचा डावा पाय जरा आखूड झाला आहे आणि बसलं की मी कुरकुरते. कुरकुरणं हा माझा स्वभावच आहे, असं इथले लोक म्हणतात. म्हणू देत. मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. लग्नाच्या मांडवात असते ना, घडी घालून ठेवायची, तसली. फक्त माझी घडी होत नाही. का होत नाही ते सांगते.

माझा जन्म सोमाटणे फाट्याजवळच्या भिमाजींच्या दुकानात झाला. बाहेर जुन्या हायवेवरून ट्रक धडधडत जायचे आणि आत भिमाजी तोंडापुढे काळी काच धरून पाइपाला पाइप जोडत बसायचे. माझ्याबरोबर माझ्या पुष्कळ बहिणी जन्मल्या. सगळ्यांना सारखाच निळा रंग मिळाला. माझ्या बिजागरीवर मात्र वेल्डिंग करताना वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब सांडला. भिमाजींनी तो कानशीने घासला, मला उघडून-मिटून पाहिलं, "चालतंय की," म्हणाले आणि मांडववाल्याच्या टेम्पोत चढवलं. तो थेंब पुरता निघाला नव्हता, हे त्यांना कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

उमेदीची वर्षं मांडवात गेली. परंदवडीची लग्नं, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग. भात कापून झाल्यावर खाचरातच मांडव पडायचा आणि आमचे पाय मऊ मातीत रुतायचे. माझ्यावर नवरीचे मामा बसले, रुसलेल्या आत्या बसल्या, आणि एकदा एका पुढाऱ्याचं भाषण संपेपर्यंत एक आजोबा छान झोपून राहिले. मावळातल्या धुक्याने आणि ओलीने आम्हा सगळ्यांना हळूहळू गंज धरला. बहिणींना तो कडेकडेने धरला. मला नेमका बिजागरीत.

सोमाटण्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, एक मोठं सरकारी रुग्णालय आहे. बैठ्या दगडी इमारती, लांबच लांब व्हरांडे, आणि एखादं गाव वसावं एवढी माणसं कामाला. तिथे एका परिचारिकेचा निरोप समारंभ होता, म्हणून आम्हाला नेलं. समारंभ झाला, पेढे संपले, मांडववाल्याची पोरं आम्हाला मिटवू लागली आणि मी काही केल्या मिटेना. त्यांनी ओढून पाहिलं, आपटून पाहिलं, एकाने तर लाथ घातली. टेम्पोत उघड्या खुर्चीला जागा नव्हती. "ऱ्हाऊं दे, पुढच्या खेपंला नेऊ," असं म्हणून ते गेले. ती पुढची खेप आजतागायत आलेली नाही.

मी बरेच दिवस जांभळाखाली पडून होते. माझ्यावर पाखरं बसायची. त्याबद्दल जास्त बोलत नाही. मग एके दिवशी दत्तोबा तिथे डबा खायला आले. दत्तोबा म्हणजे पुरुषांच्या वॉर्डातले वॉर्डबॉय, परंदवडीचे शेतकरी, घरचं भात निघालं की सगळ्या वॉर्डाला इंद्रायणी तांदळाच्या वासाने वेड लावणारे. कर्मचाऱ्यांनी त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं होतं. दर महिन्याला रुग्णालयाच्या सभागृहात सभा व्हायची. अधीक्षक, डॉक्टर, कार्यालयातले लोक टेबलाभोवती बसायचे, आणि कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी दाराजवळ उभा राहून कर्मचाऱ्यांचं म्हणणं मांडायचा. उभं राहा असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. बस, असंही कुणी म्हटलेलं नव्हतं.

त्या दुपारी दत्तोबा माझ्यावर बसून भाकरी मोडता मोडता सोबत्यांना म्हणाले, "उभ्या माणसाला लय झटक्यात जा म्हणता येतंय. बसल्याल्या माणसाला आदी ऊठ म्हनावं लागतं. आन तेवढं म्हनायला साह्यबाची जीभ रेटत न्हाई."

पुढच्या सभेला त्यांनी मला खांद्यावर टाकलं. व्हरांड्यातून जाताना पेशंट बघत होते, परिचारिका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सभागृहात त्यांनी मला टेबलाशी नेऊन ठेवलं आणि माझा आखूड पाय फरशीवर असा काही करकरला की अधीक्षक साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला.

"दत्तोबा, हे काय?"

"खुर्ची हाय साह्यब."

"ते दिसतंय मला. पण इथे खुर्च्यांची कमी आहे का? सांगितलं असतं तर दिली असती एखादी."

"ती तुमी दिल्याली झाली असती. ही आमी आणल्याली हाय," असं म्हणून दत्तोबा बसले.

मित्रांनो, माझ्यावर नवरदेव बसले होते, पुढारी बसले होते, पण त्या दिवशी जसा मला अभिमान वाटला तसा कधी वाटला नव्हता. मी मिटत नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तिथून एक पद्धत पडली. सभेच्या दिवशी मला उचलून न्यायचा मान पाळीपाळीने एकेका विभागाला मिळायचा. कधी स्वयंपाकघर, कधी रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, कधी माळी. ज्यांनी मला आणलं, त्यांचं गाऱ्हाणं त्या दिवशी सगळ्यात आधी निघायचं. मोठ्या विभागाने लहान विभागाला मागे सारू नये, म्हणून दत्तोबांनीच हे ठरवलं होतं. रात्रपाळीच्या बायकांना टेकायला खोली मिळाली, ती अशीच. लाँड्रीतल्या माणसांचे पाय गरम पाण्याने भाजायचे, त्यांना गमबूट मिळाले, तेही असेच. भांडणं होत, कधी मागणी फेटाळली जाई, कधी सगळे चिडून चहा न घेताच उठत. पण माझा करकर आवाज झाला की कार्यालयातले कारकूनसुद्धा म्हणत, "आली. चला, सुरू करू या."

वर्षं सरली. दत्तोबा निवृत्त झाले. त्यांच्यासारखी जुनी माणसं एकेक करून गेली आणि त्यांच्या जागी कायमची माणसं भरली गेली नाहीत. कंत्राटदाराची माणसं आली. काम तेच. तेच व्हरांडे झाडायचे, तेच वॉर्ड पुसायचे, त्याच पेशंटना उचलायचं. फक्त अंगावरचा कोट वेगळ्या रंगाचा. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने डोंगरातल्या वाड्यांवरून बायका फाट्यावर उतरायच्या आणि चालत यायच्या. मला उचलायची पाळी मात्र त्यांच्यावर कधी आली नाही. कुणी मुद्दाम वगळलं असंही नाही. कुणाच्या मनातच आलं नाही. मला विचाराल तर, मनात न येणं हे मुद्दाम करण्यापेक्षा फारसं बरं नाही.

मग नव्या अधीक्षक मॅडम आल्या. त्यांनी सभागृह रंगवून घेतलं आणि नव्या खुर्च्या मागवल्या, काळ्या, गुबगुबीत, खाली चाकं असलेल्या. त्यातली एक खास कर्मचारी प्रतिनिधीसाठी ठेवली. तेव्हा प्रतिनिधी होता संदेश, एक्स-रे काढणारा. सोमाटण्याचा, शिकलेला, बोलायला गोड, कुणाच्याही अडीनडीला धावणारा पोरगा. त्या खुर्चीवर तो बसला तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या माणसाला साहेबांसारखी खुर्ची मिळाली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. चूक झाली ती त्या आनंदातच. माझी आता गरज काय, म्हणून मला लाँड्रीत नेऊन टाकलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. चाकांवर फिरणाऱ्या त्या काळ्या ठमीचा रागही आला. पण राग तिच्यावर काढून काय उपयोग, ती बिचारी ढकलाल तिकडे जाते.

खुर्ची उचलायची राहिली नाही, म्हणून पाळीही राहिली नाही. आधी कुणाचं बोलणं निघेल हे आता कार्यालय ठरवू लागलं. सभा लवकर संपू लागल्या. सगळे म्हणत, किती सुरळीत चाललंय.

लाँड्रीत मी पुतळाबाईंच्या ताब्यात आले. पुतळाबाई कंत्राटदाराकडे कामाला, डोंगरातल्या वाडीवरच्या, तोंडाने फटकळ. ओल्या चादरीचं एक टोक माझ्या पाठीला अडकवून त्या एकट्याच पिळायच्या आणि मी हलले की मला शिव्या द्यायच्या. "नीट उभी ऱ्हा की भवाने!" मला ते आवडायचं. कुणीतरी आपल्याशी बोलतंय एवढं पुरे असतं.

त्यांची सून रूपा बाळंतिणींच्या वॉर्डात सफाईला होती, तीही कंत्राटीच. तिला दिवस गेले तेव्हा दुपारच्या वेळी ती लाँड्रीत यायची आणि माझ्यावर बसून सुजलेले पाय माझ्याच दांडीवर टेकवायची. पुतळाबाई तिच्याकडे न बघता गूळ-शेंगदाण्याची पुडी पुढे करायच्या. शेवटपर्यंत ती कामावर आली. याच रुग्णालयात तिला मुलगी झाली. ती बातमी कळली त्या दिवशी पुतळाबाईंनी माझ्यावर एकही शिवी वाया घालवली नाही.

पोर मान धरू लागली तशी रूपा कामावर परत आली, आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरने तिला फाटकातच सांगितलं, "तुझ्या जागी दुसरी घेतली. तूच काम सोडून गेलीस." रूपाला आधी ती थट्टाच वाटली. मग ती पोरीला झोळीत घालून घोरावाडी स्टेशनावरून लोकलने लोणावळ्याला गेली. कंत्राटदाराचं ऑफिस तिथे, चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर. तिथल्या माणसाने सांगितलं की माणसं किती हवीत ते रुग्णालय ठरवतं, तिथेच विचार. रुग्णालयाच्या कार्यालयाने सांगितलं, तू आमची नाहीस, कंत्राटदाराला विचार. रूपाच्या नवऱ्याचं काम म्हणजे मिळालं तर मिळालं. घर चालायचं ते या दोघी बायकांवर. ती लाँड्रीत येऊन माझ्यावर बसली आणि रडली नाही, नुसती बसून राहिली. ते मला जास्त जड गेलं.

पुतळाबाईंनी संदेशला बोलावून घेतलं. तो आला, दारातच थांबला.

"ताई, मला खरंच वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण तू कायम कर्मचारी नाहीस. आमच्या सभेत तुझा विषय येतच नाही."

"मंग कुटं येतो?" रूपाने विचारलं.

"आमच्याच मागण्या अडकल्यात," संदेश खाली बघत म्हणाला. "तुमचं घेऊन गेलो तर आमचे लोक मलाच विचारतील, आमचं काय झालं म्हणून." तो वाईट नव्हता हो. तो गेला तेव्हा त्याची पावलं जड पडत होती, ती मी ऐकली. पण तो गेला हे खरंच.

त्याच आठवड्यात दत्तोबा डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला रुग्णालयात आले होते. जुन्या ओळखीने लाँड्रीत डोकावले आणि मला बघून तिथेच थबकले. "आगं, तू हितं?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या अंगावर ओली चादर ठिबकत होती म्हणून बरं, नाहीतर मी रडले ते सगळ्यांना दिसलं असतं.

पुतळाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मी हितं लय वरीस काम करतीय. तुमची मान्सं हिला उचलून न्यायची ते मी झाडू मारता मारता बघितल्यालं हाय. ज्यो हिला उचलंल त्याचं आदी ऐकायचं, आसंच व्हतं न्हवं?"

"व्हय."

"मंग परवाच्या सभंला हिला आमी उचलतो."

रूपा घाबरली. "आत्या, तुमचंबी काम जाईल."

"जाईल तर जाईल. चादरी काय, वढ्यावरबी धुता येत्यात."

पण हे म्हणताना त्यांनी पिळून झालेली चादर पुन्हा माझ्या पाठीला अडकवून पिळायला घेतली, म्हणून मला ठाऊक आहे, त्यांना भीती वाटत होती. "मी येत न्हाई," दत्तोबा म्हणाले. "मी आलो तर ती दत्तोबाची खुर्ची व्हईल. तुमची तुमी न्या."

सभेच्या दिवशी एका बाजूने पुतळाबाईंनी आणि दुसऱ्या बाजूने रूपाने मला धरलं. रूपाच्या पाठीशी झोळीत पोर झोपलेली. किती दिवसांनी मी त्या व्हरांड्यातून चालले होते! चालले म्हणजे नेली गेले, पण मला चालल्यासारखंच वाटलं. स्वयंपाकघरातली जुनी माणसं दारात येऊन उभी राहिली.

सभागृहात त्यांनी मला टेबलाशी टेकवलं आणि मी जीव खाऊन करकरले. पोर दचकून उठली आणि तिने टाहो फोडला. आम्हा दोघींचा मिळून असा आवाज झाला की बोलणारे सगळे गप्प.

मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांना कळेना. "काय आहे हे? बाई, ही सभा कायम कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांसाठी आहे. तुमचं जे असेल ते कंत्राटदाराकडे मांडा." मग वळून म्हणाल्या, "संदेश, यांना जरा समजावून सांगा."

सगळे संदेशकडे बघू लागले. मीही बघत होते. तो काळ्या खुर्चीवर होता. त्याने एकदा रूपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाहेर थांबा," एवढंच म्हणायला त्याला पुरेसं होतं. पुतळाबाईंनी तर त्या शब्दांसाठी मान खाली घालून ठेवलीच होती.

संदेश उठला. तो उठताच त्याची चाकांची खुर्ची आपोआप मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली. तो टेबलाला वळसा घालून आला, माझ्या मागे उभा राहिला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मॅडम," तो म्हणाला, "ही खुर्ची जो उचलून आणेल त्याचं म्हणणं आधी, अशी इथली पद्धत आहे. मध्यंतरी आम्ही ती विसरलो होतो. रूपाताई, बस."

रूपा बसली. तिचं वजन किती कमी झालं होतं! मी एरवी कुणीही बसलं की कुरकुरते, पण त्या वेळी श्वास रोखून गप्प राहिले.

"मी काम सोडून गेले म्हंत्यात," ती म्हणाली. "मॅडम, बाळंतपणाचं ज्ये टेबल मी रोज धुवत व्हते, त्याच टेबलावर मी बाळंत झाले. तुमच्याच डॉक्टरनी केलं माझं बाळंतपण. तुमच्याच शिस्टरनी माझ्या हातात पोर दिली. मंग मी कुटं गेलते, ते हितं कुनालाच कसं ठावं न्हाई?"

टेबलाभोवती बसलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. बाळंतपण त्यांनीच केलं होतं.

मॅडमनी त्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी कार्यालयातल्या माणसाला सांगितलं, "कंत्राटदाराला आत्ता फोन लावा. बाळंतपणाची रजा म्हणजे काम सोडणं नव्हे. रजा हा तिचा हक्क आहे, ती कुणाच्या नावावर कामाला आहे याने त्यात फरक पडत नाही. आणि माझ्या रुग्णालयात ती काम करते, तेव्हा हे बघणं माझं काम होतं." शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या, पण मी ऐकलं.

रूपा कामावर परत आली. सगळंच गोड झालं असं मात्र समजू नका. तिच्या जागी घेतलेल्या बाईचं काय, हा प्रश्न पुढच्या सभेत आला आणि तिलाही दुसऱ्या वॉर्डात ठेवून घ्यायला पुष्कळ भांडावं लागलं. काही कायम कर्मचारी अजून कुरबुरतात, संदेशने आपलं सोडून परक्यांचं घेतलं म्हणून. पण मला उचलायच्या पाळीत आता कंत्राटी माणसंही आहेत. संदेश आता माझ्यावरच बसतो, आणि ज्यांची पाळी असेल त्यांना बोलायचं असलं की उठून जागा देतो. ती काळी खुर्ची? तिच्यावर तो पिशवी ठेवतो.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. माझा निळा रंग कुठे कुठेच उरलाय. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी असतील, फाटकावरचे आबा असतील. ते काही सांगायला आले आणि दारातच उभे राहिले, तर त्यांचं ऐकायच्या आधी त्यांना खुर्ची द्या. आणि देणारं कुणी नसेल, तर त्यांनी स्वतः उचलून आणलेल्या खुर्चीला वाट द्या.

परवाच रूपा तेलाची बुधली घेऊन माझ्याजवळ बसली होती. गुडघ्याशी तिची पोर मला धरून उभी राहायला शिकत होती. रूपाने माझ्या बिजागरीत तेल सोडलं, गंज पुसला. मग ती माझ्या आखूड पायाला रबराचं बूच बसवू लागली, म्हणजे मी फरशीवर करकरणार नाही. पुतळाबाईंनी चादर पिळता पिळता मान वर केली आणि त्या म्हणाल्या, "त्ये नगं लावूस. तिचा आवाज ऱ्हाऊं दे."